घरी केलेल्या कावीचा लाल थर सुटतो, पांढरा चुना भुकटी होतो: कारणे आणि उपाय

चवथ पंधरा दिवसांवर आली की कावी या लाल-पांढऱ्या कोरीव चुनाकामाबद्दल तेच तेच प्रश्न सुरू होतात. मखरामागे लावायला टाइल केली, नक्षी छान उमटली, पण बोट फिरवले की बोट लाल होते. किंवा चवथीला सगळे ठीक होते आणि दिवाळीपर्यंत लाल थराचे पोपडे निघाले. किंवा मे महिन्यात केलेल्या टाइलवर दुसऱ्याच दिवशी बारीक भेगांचे जाळे आले. माणूस पुन्हा करतो, चुना बदलतो, रंग बदलतो, आणि तिसऱ्या टाइललाही तेच होते.

ज्यांनी अजून हात घातलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पांढऱ्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा करायचा, तो ओला असतानाच त्यावर काव म्हणजे लाल मातीचा रंग चढवायचा, दोन्ही थर थोडे घट्ट झाले की टोकदार हत्याराने लाल थर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाई देवळात ही कला पाहायला मिळते. कोकण किनाऱ्यावरच्या या कामाच्या नोंदी लेखक आणि छायाचित्रकार कृष्णानंद कामत यांनी करून ठेवल्या आहेत. जुन्या देवळांच्या दुरुस्तीत अशा कितीतरी भिंती सिमेंटखाली गेल्या. म्हणून कोणी घरी एक टाइल जरी करत असेल तर ती नीट जमावी, असे मनापासून वाटते.

वाळणे वेगळे, धरणे वेगळे

बहुतेक सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे. पाणी उडून गेले की चुना वाळतो. तेवढ्याने तो घट्ट होत नाही. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. याला चुना धरणे म्हणू. धरायला हवा लागते आणि थोडा ओलावाही लागतो. थर पूर्ण कोरडा झाला तर क्रिया थांबते, कारण हा वायू पाण्यात विरघळूनच चुन्याशी जोडला जातो. उलट, थराची सगळी छिद्रे पाण्याने भरलेली असतील तर हवा आतच शिरत नाही आणि क्रिया तशीही थांबते.

आता आपले हवामान बघा. एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली ठेवलेली टाइल चार तासांत कोरडी होते. धरायच्या आधीच वाळली, म्हणून भुकटी. जुलैत भिंतींना ओल आलेली असते, टाइल आठवडाभर थंडगार लागते. वाळतही नाही, धरतही नाही. दोन्ही वेळा बोट लाल होते, पण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. मे महिन्यातल्या टाइलला पाणी शिंपडायला हवे आणि जुलैतल्या टाइलला मोकळी हवा हवी. कोणीतरी सांगितले म्हणून भर पावसात दिवसातून चार वेळा पाणी मारणारे लोक आहेत. त्यांची टाइल गणपती विसर्जनापर्यंत मऊच राहते.

वेगाचा ढोबळ हिशेब असा की चुना साधारण महिन्याला एक मिलिमीटर खोल धरतो. म्हणजे वरचा लाल आणि त्याखालचा पांढरा मिळून दोन-तीन मिलिमीटर पक्के व्हायला दोन-तीन महिने लागतात. वरून हात लावता येईल इतकी टाइल आठ-दहा दिवसांत होते, पण ती अजून कच्ची असते.

टाइल कुठवर धरली आहे ते हळदीने तपासता येते. अर्धा कप सर्जिकल स्पिरिटमध्ये एक चमचा हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचे पिवळे पाणी घ्या. टाइलच्या मागच्या कडेला चाकूच्या टोकाने आतपर्यंत एक ताजी खाच करा आणि कापसाने ते पाणी लावा. खाच क्षणात कुंकवासारखी गडद लाल झाली तर आत अजून कच्चा चुना आहे. पिवळी किंवा फिकट नारिंगी राहिली तर तेवढा भाग धरला. पुष्कळदा खाचेत दोन पट्टे दिसतात, वर नखाएवढा पिवळा आणि खाली लाल. टाइल कुठवर पोचली ते त्या रेषेवरून समजते. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे, इथे त्याच गोष्टीचा मोजपट्टी म्हणून उपयोग होतो.

चुना मुळातच मेलेला आहे का?

टाइलला दोष देण्याआधी पिशवी तपासा. हार्डवेअरच्या दुकानातली चुन्याची पावडर दमट हवेत महिनोन्‌महिने पडून असेल तर ती पिशवीतच हवा घेऊन निम्मी-अधिक दगड झालेली असते. तशा पावडरचा गिलावा कितीही सांभाळला तरी भुकटीच होणार, कारण धरायला काही उरलेलेच नसते. चमचाभर पावडर बशीत घ्या, आधी पाण्याने ओली करा म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल, मग थोडे व्हिनेगर ओता. ताजा चुना जेमतेम एखाद-दुसरा बुडबुडा देतो. इनोसारखा फसफसून वर आला तर ती पिशवी परत करा. ‘चुना डिस्टेंपर’ किंवा रंगकामाचा तयार चुना घेऊ नका, त्यात डिंक आणि भरीव पावडरी घातलेल्या असतात.

चांगली पावडर मिळाली की ती झाकणाच्या प्लास्टिक बादलीत पाण्यात टाका (पावडर पाण्यात, पाणी पावडरीवर नाही), लोण्यासारखी होईपर्यंत ढवळा आणि वर चार बोटे पाणी राहील असे ठेवा. कमीत कमी तीन आठवडे मुरू द्या. तीन महिने मुरलेला चुना हातालाच वेगळा लागतो, थापीवरून घसरत नाही आणि ताणला तर दह्यासारखा तुटत नाही. वापरण्याआधी जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. वरचे स्वच्छ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. ती फेकू नका, पुढे रंगाला लागणार आहे. पाणी बरोबर आहे की नाही ते वजनाने कळते: मुरलेल्या चुन्याचे एक लिटर साधारण 1.35 किलो भरते. बरेच कमी भरले तर चुना पातळ आहे, आणि पातळ चुना म्हणजे पुढच्या भेगा.

कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) घरी विरवू नका. पाणी पडताच तो उकळतो आणि अंगावर उडतो. भिजलेला चुनाही कातडी सोलतो, म्हणून रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच. डोळ्यात गेला तर न चोळता ताबडतोब वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. व्हिनेगर किंवा लिंबू डोळ्यात अजिबात घालायचे नाही. पोरे घरात असतील तर बादली उंचावर ठेवा. खायच्या चुन्याच्या छोट्या पुड्यासुद्धा त्यांच्या हाती लागता कामा नयेत.

रेती

किनाऱ्यावरची वाळू कोणत्याही कारणाने वापरू नका. तिच्यात मीठ असते आणि कितीही धुतली तरी थोडे राहते. पुढे पावसात ते मीठ ओल ओढून घेते, उन्हाळ्यात वर येऊन पांढरे फुटते आणि फुटताना लाल थर ढकलून देते. नदीची रेती घ्या, बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. शंका असेल तर रेती भिजवलेले पाणी गाळून स्टीलच्या ताटलीत आटवा आणि शेजारी तेवढेच साधे नळाचे पाणी आटवा. रेतीच्या ताटलीत जास्त पांढरा गोल उरला तर रेती पुन्हा धुवावी लागेल.

रेतीत माती किती आहे ते बाटलीत कळते. अर्धी बाटली रेती, वर पाणी, जोरात हलवून रात्रभर ठेवा. रेतीवर मातीची जाड साय बसली तर धुणे कमी पडले. माती वाळताना आकसते आणि गिलाव्याला भेगा पाडते.

20 बाय 20 सेंटिमीटरच्या एका टाइलचे माप

पाया म्हणून न चकाकणारी भाजलेल्या मातीची टाइल घ्या. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) पातळ फरशीही चालते, पण चिरा पाणी पितच राहतो, म्हणून तो आदल्या रात्रीपासून बुडवून ठेवा. मातीच्या टाइलला बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे पुरतात. एमडीएफचे तयार गोल आणि चौकोन हस्तकलेच्या दुकानात सहज मिळतात आणि तिथेच बहुतेकांचे काम फसते: ओल्या चुन्याने एमडीएफ फुगतो, वाळताना बसतो, आणि गिलावा त्याच्याबरोबर हलू शकत नाही. चकचकीत टाइलच हाताशी असेल तर ती उलटी करून मागच्या खरबरीत बाजूवर काम करा.

खालचा थर: मुरलेला चुना 100 मिली, मध्यम रेती 250 मिली. साधारण 6 मिलिमीटर जाड. लाकडी पाट्याने दाबून बसवा आणि खिळ्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा. मार्चमध्ये तीन-चार दिवस, पावसात आठवडा थांबा. या थराला भेग पडली तर ती आत्ताच दाबून बुजवा.

मधला थर: चुना 70 मिली, चाळलेली बारीक रेती 105 मिली. आधी खालच्या थरावर पाणी मारा. 3 मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी नख रुतेल पण बोट रुतणार नाही, अशा अवस्थेत शेवटचा थर येतो.

शेवटचा पांढरा थर: चुना 50 मिली, संगमरवराची बारीक भुकटी 50 मिली. 2 मिलिमीटर, दोन हातांत. हा थर थोडा ओढला की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटा. गोटा कपड्यासारखा फिरवू नका. वजन टाकून छोटे छोटे गोल काढा. पहिल्या पाच मिनिटांत काही होत नाहीसे वाटते, मग गोट्याखालचा आवाज बदलतो. खरखर जाते, ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा आवाज येतो आणि तिथे मंद चमक दिसू लागते. आवाज बदललेला भाग सोडून पुढे सरका.

गूळ घालायचाच असेल तर किलोभर चुन्याला 20 ग्रॅम, पाण्यात विरघळवून. जुने कारागीर गूळ घालत आणि त्याने चुना हाताखाली मऊ चालतो हे खरे आहे. पण ‘दोन चमचे जास्त’ घातला की चुना घट्टच होत नाही, पुढे मुंग्या येतात आणि पावसाळ्यात काळे ठिपके धरतात. पहिल्या चार-पाच टाइलना गूळ टाळा. एक कारण कमी झाले की चूक शोधणे सोपे जाते.

लाल थर सुटतो

सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार हीच. पोपडा उचलून त्याची मागची बाजू बघा. मागे पांढरा चुना चिकटलेला असेल तर तुटले ते पांढऱ्या थरात आहे, म्हणजे तो थर पातळ किंवा मेलेल्या चुन्याचा होता. मागची बाजू स्वच्छ लाल, कागदासारखी गुळगुळीत असेल तर लाल थर कधी जोडलाच गेला नव्हता.

न जोडण्याचे कारण बहुतेक वेळा उशीर. पांढरा थर आज केला, उद्या सवडीने रंग देऊ म्हणून ठेवला, तोवर त्याच्या पृष्ठभागावर धरलेल्या चुन्याचा पापुद्रा आला. त्यावर दिलेला रंग नुसता वर बसतो. पांढरा थर घोटून झाल्यावर त्याच दिवशी, तो थंड आणि ओलसर लागत असतानाच लाल चढला पाहिजे. मग खालचा कच्चा चुना ओलाव्याबरोबर वर येतो, रंगाच्या कणांभोवती धरतो आणि दोन्ही थर एक होतात. सकाळी पांढरा, दुपारी लाल, संध्याकाळी कोरीव काम, असा एक सलग दिवस मोकळा ठेवा. तसा दिवस नसेल तर शेवटचा थर घालूच नका, मधल्या थरावर थांबलेले काम आठवडाभरही थांबू शकते.

दुसरे कारण रंगाचा अतिरेक. लाल गडद यावा म्हणून लोक काव वाढवत जातात. प्रत्येक कणाला चिकटवायला चुना लागतो. काव जास्त झाली की कण मोकळे राहतात आणि बोटाला येतात. मग चुना वाढवला तर लाल गुलाबी होतो. या पेचातून सुटायचे तर लाल थर चुन्यात कालवू नका, निवळीत कालवा. 20 ग्रॅम रंग, 60 मिली निवळी आणि मुरलेला चुना फक्त एक चहाचा चमचा. खलात किंवा काचेवर चांगले पंधरा मिनिटे घोटा. मऊ कुंचल्याने तीन पातळ हात द्या, आधीच्या हाताची ओली चमक जाताच पुढचा, आडवा-उभा आलटून पालटून. काथ्याचा कुंचला इथे नको, तो खालचा चुना ओरबाडतो. चिकटण्याचे काम खालचा ओला पांढरा थरच करतो, म्हणून रंग गडदही राहतो आणि धरतोही. शेवटचा हात बसला की गोट्याने पुन्हा हलके घोटा.

रंग कोणता, हेही महत्त्वाचे. काव आणि गेरू लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल असतात, म्हणून चुन्यात टिकतात. जुन्या घरांच्या लाल गुळगुळीत जमिनींना वापरत तो रेड ऑक्साइडही चालतो, मात्र त्यात सिमेंट मिसळलेले नसावे. चमचाभर रंग ओला करून दोन दिवस ठेवा. दगड झाला तर सिमेंट आहे. रांगोळीचे रंग, पोस्टर रंग आणि कापडाचे रंग चुन्यात फिकटतात किंवा भलताच रंग धरतात. कोणताही नवा रंग चिमूटभर निवळीत टाकून काचेच्या बाटलीत आठवडाभर ठेवा. वरचे पाणी रंगीत झाले तर तो रंग कामाचा नाही. डोंगरातून आणलेली काव असेल तर पाण्यात ढवळून, जड खडे खाली बसू देऊन, वरचे लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. असे चार-पाच वेळा. न धुतलेल्या कावेत खडे राहतात आणि लाल थर गुळगुळीत बसत नाही.

पांढरा गोंद घालून हे सगळे टाळता येईल असे पुष्कळजण सुचवतात. घालू नका. गोंद छिद्रे बंद करतो, चुन्याला हवा मिळत नाही आणि वरची गोंदाची साय एका पावसाळ्यात सोलते.

भेगांचे जाळे

पहिल्या काही तासांत आले तर पाणी जास्त, चुना जास्त किंवा वारा जास्त. थर अजून मऊ असेल तर गोट्याने दाबून घोटा, भेगा मिटतात. कडेकडेनेच आल्या असतील तर पाया तहानलेला होता आणि त्याने पाणी ओढले. रेतीचे प्रमाण तिच्याच पोकळीवरून ठरवता येते: 300 मिली कोरड्या रेतीत वरपर्यंत पाणी दिसेस्तोवर मोजून पाणी ओता. 100 मिली मावले तर तेवढी पोकळी भरायला चुना हवा, म्हणजे एकास तीन. एकास अडीच घेतले तर कामाला सोपे जाते. त्याहून जास्त चुना म्हणजे जास्त आकसणे.

टाइल आरपार जाणारी एकच लांब भेग असेल तर पाया हलला किंवा ओली टाइल एका कडेला धरून उचलली गेली. ती टाइल बुजवून टिकत नाही.

कोरताना कडा तुटतात किंवा रंग पांढऱ्यात फासतो

घड्याळाकडे बघू नका. फेब्रुवारीत दोन तासांत येणारी अवस्था पावसाळ्यात सहा-आठ तासांनीही येत नाही. टाइलच्या कोपऱ्यात एक चाचणीची रेघ ओढा. हत्याराबरोबर लगदा ओढला जाऊन कडेला वरंबा उठला आणि पांढऱ्यात लाल मिसळला तर लवकर आहे, अर्धा तास थांबा. कोरलेला चुना ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा सुटा पडत असेल तर वेळ बरोबर. पिठासारखी धूळ उडून कडा ठिपक्यांनी तुटत असेल तर उशीर झाला. पाण्याचा बारीक फवारा मारून ओले फडके दहा मिनिटे झाकले तर कधी कधी थोडा वेळ मिळतो, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

कडा आधी वाळतात, म्हणून किनारीची नक्षी आधी आणि मधले कमळ शेवटी. गोल काढायला करकटक, बारीक रेघांना दाभण, मोठा भाग खरवडायला चपटी कोरणी. हत्यार उभे धरू नका, थोडे कलते धरा म्हणजे खाचेची कड तिरकी राहते आणि तुटत नाही. लाल थर ओलांडून पांढऱ्यात अर्धा ते एक मिलिमीटर, त्याहून खोल गेलात तर रेतीचा थर लागतो आणि रेघ करडी दिसते. नक्षी आधी कागदावर सुईने टोचून घ्या, कागद टाइलवर धरून कोळशाच्या पुरचुंडीने थोपटा. कोळसा नंतर कोरड्या मऊ कुंचल्याने जातो. कोरलेला चुरा तोंडाने फुंकू नका, तो डोळ्यांत जातो, कुंचल्यानेच झाडा.

हात बसवण्यासाठी पांढऱ्या सिमेंटच्या वॉल पुट्टीवर सराव करायला हरकत नाही. ती वेगळ्या तऱ्हेने घट्ट होते आणि तासाभरात हत्याराला दाद देत नाही, त्यामुळे इथले वेळेचे कोणतेही माप तिला लावू नका. पीओपी मात्र नको, दमट भिंतीवर तो मऊ पडतो.

लालवर पांढरी झाक

दोन गोष्टी सारख्या दिसतात. ओल्या बोटाने पुसली आणि गेली तर क्षार. रेतीतून, पाण्यातून किंवा चिऱ्यातून आलेले. कोरड्या कुंचल्याने झाडत राहा. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जाऊन परत येतात. ओल्या बोटाने गेली नाही आणि व्हिनेगरच्या एका थेंबाने फसफसली तर तो चुनाच आहे, पाण्याबरोबर वर येऊन पृष्ठभागावर धरलेला. पहिल्या चोवीस तासांत पाणी मारले किंवा पावसाळी हवेत टाइल फार हळू वाळली की हे होते. त्याच दिवशी दिसली तर ओलसर कापडाने टिपा. नंतर ती निघत नाही; आम्लाने पुसायला गेलात तर झाकेबरोबर लालही निघेल, कारण त्यालाही चुन्यानेच धरलेले आहे.

झाक पातळ असेल तर साबणाने ती बरीच लपते. 10 ग्रॅम खोबरेल तेलाचा साधा साबण (कपड्यांचा डिटर्जंट नाही) अर्धा लिटर कोमट पाण्यात किसून विरघळवा. टाइल आठवड्याची झाली की मऊ कुंचल्याने लावा आणि गोट्याने घोटा. साबण उरलेल्या कच्च्या चुन्याशी मिळून पाणी न धरणारा पातळ पापुद्रा करतो. लाल एकदम खोल दिसू लागतो. व्हार्निश आणि अॅक्रिलिक सीलर मात्र नको, आत अडकलेली ओल त्यांना फोड आणते.

महिन्याभराने अचानक फुटकुळ्या येऊन टाचणीएवढे खड्डे पडले, आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा कण दिसला, तर चुन्यात न विरलेले कण राहिले होते. पुढच्या वेळी नीट गाळा आणि जास्त मुरवा.

पहिले दहा दिवस

ऑक्टोबरचा कडाका सरल्यापासून मार्चपर्यंत: पहिला दिवस टाइलवर ओले गोणपाट, अंगाला न लागेल असे, चार काठ्यांवर. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा, थेंब ओघळणार नाहीत इतकाच. ऊन आणि पंखा दोन्ही टाळा.

जून ते सप्टेंबर: फवारा अजिबात नाही. टाइल भिंतीला टेकवून न ठेवता दोन पट्ट्यांवर उभी ठेवा म्हणजे मागूनही हवा लागेल. खिडकी किलकिली, पंखा असल्यास सगळ्यात हळू आणि टाइलकडे तोंड न करता. बंद कपाट, न्हाणीजवळची भिंत आणि पावळीचे शिंतोडे येणारी बाजू नको. केस वाळवायचे मशीन किंवा चुलीची ऊब देऊन घाई केली तर वरचा थर मे महिन्यातल्यासारखा वाळेल आणि आतला जुलैतल्यासारखा ओला राहील, म्हणजे दोन्हीकडचे दोष एकाच टाइलवर.

बोटाला लाल येणारी टाइल फेकू नका. आधी हळदीची परीक्षा करा. खाच गडद लाल झाली तर आत अजून जीव आहे: उन्हाळ्यातली असेल तर निवळीचा बारीक फवारा दिवसातून एकदा, आठ-दहा दिवस, पावसाळ्यातली असेल तर फक्त हवा आणि महिनाभर वाट. खाच पिवळी राहिली आणि तरी रंग येतोच आहे, तर चुना होता तेवढा धरून संपला. अशी टाइल खालच्या थरापर्यंत खरवडा, भिजवा आणि मधल्या थरापासून पुन्हा सुरू करा. खालचा थर टणक असेल तर तो वाया जात नाही. पोपडा निघालेली जागा नाण्याएवढीच असेल तर तिथला पांढरा थर काढून नवा भरावा लागतो, नुसता लाल वरून लावला तर तो आठवडाभरात पुन्हा सुटतो.

चवथीला टाइल लावायचीच असेल तर चुना दसऱ्याला मुरत घाला, काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. पावसाची पहिली सर येईपर्यंत तिला तीन-चार महिने मिळतात आणि लाल व पांढरा हे दोन्ही थर तेवढ्यात धरतात. उरलेला चुना निवळीखाली बुडवून, झाकण घट्ट लावून, तारीख लिहून ठेवा. पाणी आटू दिले नाही तर तो पुढच्या वर्षी आणखी चांगला लागतो. भांडी धुतलेले पाणी मोरीत किंवा झाडांना ओतू नका, बादलीत ठेवा. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, तो पुढच्या खालच्या थराच्या मिश्रणात पाण्याच्या जागी वापरता येतो.